पहिल्या रविवारचं टेबल

महिन्याचा पहिला रविवार आला की या घरातलं जेवणाचं टेबल एका फळीनं वाढायचं. एरवी ती फळी कपाटामागे भिंतीला टेकून उभी असे. उपासना आटोपून सगळे घरी आले की थोरला ती बाहेर काढी, धाकटा टेबलाची दोन्ही टोकं ओढून धरी, आणि मधल्या फटीत फळी बसली की आई तिच्यावरून तळहात फिरवून ती सपाट बसली आहे ना ते बघे. सगळं आयुष्य वजनकाट्यांच्या घरात गेलेलं, तिला तिरकं काही खपत नसे. मग वही, शिसपेन्सिल, खोडरबर आणि पाकिटांचा गठ्ठा फळीवर मांडला जाई आणि घरातले सहा जण आपापल्या जागी बसत. जेवण नंतर. आधी देवासमोर पैसे.

ही रीत घरातल्या सुनांच्या सासऱ्यांची. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण टेबलाच्या टोकाची त्यांची खुर्ची अजून कोणी बळकावली नव्हती. बाजारात त्यांना सगळे काटेमास्तर म्हणत. बिघडलेले काटे आणि झिजलेली वजनं त्यांच्या वर्कशॉपमध्ये यायची आणि खरी होऊन जायची. काटेमास्तरांचं म्हणणं असं, की पैसा देवाचा, आपण नुसते सांभाळणारे. आणि सांभाळणाऱ्यानं महिन्यातून एकदा तरी झाकण उघडून दाखवावं. म्हणून प्रत्येकानं आपल्या हातात किती आले ते सर्वांसमोर सांगायचं. त्याचा दहावा भाग, म्हणजे दशमांश, आधी पाकिटात. ते पाकीट पुढच्या रविवारी चर्चमध्ये, घरच्या भाषेत देवळात. मग एक वाटा घरखर्चाला, एक छोटा वाटा आडवेळेच्या डब्यात, आणि उरलेलं ज्याचं त्याचं. कर्ज काढायचं तर टेबलाला विचारून. आणि सुरुवात घरातल्या सगळ्यात नव्या माणसापासून, म्हणजे मोठ्यांचे आकडे ऐकून कोणी बिचकू नये.

सगळ्यात नवी होती धाकटी सून. तिच्या माहेरी पैशांचा विषय निघाला की वडील रेडिओचा आवाज वाढवत. लग्नानंतरच्या पहिल्या टेबलाला सासूनं पेन्सिल सरसावून, वाण्याला भाव विचारावा तितक्या सहज विचारलं होतं, "तुझ्या हातात किती आले गं?" आणि धाकटीला वाटलं होतं, जमिनीनं पोटात घ्यावं. त्याला तीन वर्षं झाली. आता तिला या टेबलाचं कौतुक वाटायचं, थोडी भीतीही वाटायची, आणि आजच्या टेबलाची तर गुरुवारपासूनच.

ती पतपेढीत काउंटरला होती. पतपेढीची पुलापलीकडची शाखा गेल्या महिन्यात बंद झाली आणि तिथल्या सगळ्या फायली हिच्या शाखेत आल्या. गुरुवारी दुपारी एकेक फाईल उघडून ती नोंदी मिळवत होती, तर एका फायलीत तिच्या थोरल्या दिरांचा फोटो. देवळात जायचा तोच राखी कोट, तीच सरळ मान. चौदा महिन्यांत तीन वेळा कर्ज. वर्कशॉप गहाण. शेवटचे तीन हप्ते थकलेले, आणि वर साहेबांचा शेरा, पुढच्या आठवड्यात नोटीस काढावी.

पतपेढीत नोकरीला लागताना तिनं लिहून दिलं होतं की खातेदाराचं काही बाहेर बोलणार नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. आणि दिरांनी पुलापलीकडची शाखा का गाठली हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. तिनं फाईल मिटली, मांजराची पाठ कुरवाळावी तशी तिच्यावरून हात फिरवला आणि गठ्ठ्यात ठेवली. तेव्हापासून तिनं नवऱ्यालाही अवाक्षर सांगितलं नव्हतं, आणि हे सोपं नव्हतं. कारण तिचा नवरा आज टेबलावर नव्या दुकानासाठी कर्ज मागणार होता, आणि त्याला जामीन राहणार होता थोरला.

स्वयंपाकघरात मोठी जाऊ पाव कापत होती. ती इस्पितळात नर्स, रात्रपाळी करून थेट देवळात आलेली, तरी हात घड्याळासारखे चालत होते.

"वहिनी, तुम्ही बसा ना जरा. मी कापते."

"बसले की झोपेन गं. मग तुझे दादा आकडा सांगतील आणि मी घोरेन." ती हसली. "आज देवळाच्या खजिनदारांनी गाठलं यांना, पाहिलंस? म्हणे, मंडळीत अशी चार घरं असती तर देवळाचं छप्पर केव्हाच झालं असतं. चौदा महिने झाले, बाजारात एवढी मंदी, पण यांचा आकडा हललेला नाही."

धाकटीनं वहिनींच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्या चेहऱ्यावर झोप होती आणि अभिमान होता, तिसरं काही नव्हतं. यांना माहीत नाही, तिच्या लक्षात आलं, आणि तिनं हातातला कप बशीवर ठेवला.

तेवढ्यात तिचा नवरा आत आला. घरात त्याला सगळे इंजिन म्हणत, कारण तो बसलेला असला तरी कुठेतरी निघालेला असायचा. बगलेत प्लॅस्टिकची फाईल होती.

"सगळे कागद लावलेत. दादाची फक्त सही. आईनं हो म्हटलं की उद्याच दुकानाचा ताबा." तो बायकोच्या कानाशी वाकला. "तू काही बोलत का नाहीस? तीन दिवस बघतोय. तुला दुकान नकोय का?"

"दुकान हवंय."

"मग?"

"मग काही नाही. चहा घे."

"नवीन काटे विजेवर चालतात, वहिनी," तो आता मोठ्या वहिनीला पटवायला लागला. "दादासारखे हातानं दुरुस्त करायचे दिवस गेले. मी नवे विकीन, दादा जुने सांभाळेल. दोघंही चालू!"

"तुझे दादा जामीन राहतायत म्हणजे झालं की," वहिनी म्हणाल्या. "ते असल्यावर कसली भीती?"

धाकटी चहाचा कप घेऊन खिडकीशी गेली. आज सही झाली तर बुडणारा माणूस दुसऱ्याला हात देणार, आणि हे सगळं टेबल त्या पाण्यात जाणार. बोलावं तर दिलेला शब्द मोडतो, आणि तेवढंच नाही. ती गोष्ट तिची नव्हतीच. ती थोरल्यांची होती. ती त्यांच्याआधी कोणी टेबलावर फेकली, तर या माणसाला उरलेलं आयुष्य मान वर करता आली नसती. तिनं चहा पिता पिता देवाला एकच विचारलं, की मी काय करू ते तरी सांग. देवानं उत्तर दिल्याचं तिला काही ऐकू आलं नाही. आठवली ती तिची स्वतःचीच एक गोष्ट.

टेबलावर सगळे बसले. थोरला सासऱ्यांच्या खुर्चीच्या डावीकडे, हात मांडीवर. बोटांच्या पेरांत, झिजलेल्या वजनांत ओततात त्या शिशाचा काळा रंग मुरलेला, कितीही धुतला तरी न जाणारा. त्याच्याशेजारी वहिनी. समोर अक्का, मधली बहीण, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, शाळांचे गणवेश शिवणारी. कापड असो की माणूस, अक्का एका नजरेत माप घ्यायची आणि कापायलाही वेळ लावत नसे. मग इंजिन, मग धाकटी, आणि टोकाला आई.

आईनं डोळे मिटले. तिची प्रार्थना वर्षानुवर्षं तीच होती आणि चार ओळींच्या वर कधी गेली नव्हती. "प्रभू, आमच्याकडे काय आहे ते तुला माहीत आहे. ते आम्हालाही माहीत असू दे. जे आहे ते तुझं आहे. आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले. थोरल्याचा आवाज सगळ्यात शेवटी आला.

"हं, सांग गं," आईनं पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. "किती आले?"

धाकटीच्या तोंडात नेहमीचा आकडा तयार होता. एकवीस हजार. तो तिनं गिळला.

"साडेतेवीस."

आईनं वहीतून वर पाहिलं. "पगार वाढला?"

"नाही आई. पगार अकरा महिने तेवढाच आहे. मी एकवीस सांगत होते." तिनं दोन्ही तळहात फळीवर टेकवले. "अडीच हजार आधीच काढून माझ्या आईला पाठवते. तिचं शिवणयंत्र विकलं गेलं, डोळ्यांनी दिसत नाही. वडील काही ठेवून गेले नाहीत, उलट देणी ठेवून गेले. मला लाज वाटली. सगळ्यांच्या घरी कसं व्यवस्थित, आणि माझ्या माहेरचं हे असं. म्हणून बोलले नाही."

इंजिन पहिल्यांदाच कुठेही निघालेला दिसत नव्हता.

"मलापण नाही?" तो म्हणाला. "अकरा महिने? मी काय परका आहे?"

"तूच तर म्हणाला होतास, 'तुझ्या वडिलांना पैसे कधी समजलेच नाहीत.' हसत म्हणाला होतास. मग मी काय सांगणार?"

इंजिनचा चेहरा पडला. अक्कानं चष्मा कपाळावर चढवला, आणि धाकटीनं मान खाली घातली, कारण आता कात्री चालणार हे नक्की होतं.

"खोटं ते खोटंच," अक्का म्हणाली. "टेबलावर बसून अकरा वेळा. पण तू गप्प बस रे इंजिना, तुझी वाफ नंतर सोड. बायको अकरा महिने एकटी हे ओझं वाहतेय आणि शेजारी झोपणाऱ्याला पत्ता नाही, तर चूक दोघांची आहे."

धाकटीनं चमकून वर पाहिलं. तीन वर्षांत अक्का तिच्या बाजूनं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

आईनं मात्र वही फिरवून धाकटीपुढे सरकवली आणि त्यावर खोडरबर ठेवला.

"अकरा ठिकाणी एकवीस आहे. खोड आणि खरं लिही."

"आता?"

"मग केव्हा? अगं, चाळीस वर्षं ही वही मी पेन्सिलीनं लिहिते, ती काय पेनं परवडत नाहीत म्हणून? यांनीच सांगितलं होतं, माणसाला खरं बोलायला उशीर होऊ शकतो, तेवढी जागा वहीत ठेव." मग तिनं हळूच विचारलं, "आईला अडीच पुरतात का गं?"

धाकटीची सगळ्याची तयारी होती, या प्रश्नाची नव्हती. ती टेबलावरच रडली. रडत रडत तिनं अकरा आकडे खोडले, अकरा लिहिले, आणि शेवटी म्हणाली, "नाही पुरत."

"मग पुढच्या महिन्यापासून टेबलावरून जातील. तुझे एकटीचे कशाला? ती आमची विहीण आहे." आईनं वही परत ओढली. "चल, पुढे."

इंजिननं बायकोच्या पाठीवर हात ठेवला, तो काढलाच नाही, आणि तसाच आपला आकडा सांगितला. त्यानं प्लॅस्टिकची फाईल टेबलावर ठेवली, पण मघाची गडबड त्यात नव्हती. "दुकानाचं शेवटी बोलू," तो म्हणाला. अक्कानं आपला आकडा सुट्ट्या पैशांसकट सांगितला. वहिनींनी पगाराची चिठ्ठीच वहीवर ठेवली. मग आईची पेन्सिल शेवटच्या ओळीवर येऊन थांबली.

धाकटीनं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तिनं पाहिलं. थोरला समोरच्या खोडरबराकडे बघत होता. खोडरबराभोवती तिनं खोडलेल्याचा काळपट चुरा पडला होता.

"अठ्ठावीस," तो म्हणाला.

धाकटीनं डोळे मिटले. आपण आपलं घर उघडून दाखवलं, आणि तरीही व्हायचं तेच होणार. आईची पेन्सिल दोनाचा आकडा काढायला लागली. पेन्सिलीची कुरकुर स्पष्ट ऐकू येत होती.

"थांब आई."

पेन्सिल थांबली.

"अठ्ठावीस नाहीत." थोरल्यानं सदऱ्याच्या खिशातून एक छोटी डायरी काढली. कोपरे मळलेले, शिशाचे ठसे उमटलेले. "चौदा महिने झाले, अठ्ठावीस नाहीत. धान्यबाजारवाल्यांनी सगळे काटे बदलले, विजेचे आणले. तिथूनच माझं निम्मं काम होतं. आधी वाटलं दोन महिन्यांत भरून निघेल. म्हणून टेबलावर जुनाच आकडा सांगितला. मग तो आकडा खरा दिसायला हवा, तर पाकिटात अठ्ठावीसशे, घरखर्चाचा वाटा पूर्ण. ते कुठून आणणार? पतपेढीतून आणले."

वहिनींची झोप कुठल्या कुठे उडाली होती. "किती?" त्यांनी विचारलं.

"दोन लाख. व्याज वेगळं. वर्कशॉप गहाण आहे."

अक्कानं बोटांवर काहीतरी मोजलं. "चौदा महिने, अठ्ठावीसशे. एकोणचाळीस हजार दोनशे. दादा, तू कर्ज काढून देवाला दशमांश दिलास?"

"दिला."

"देवानं मागितला होता?"

थोरल्यानं डायरी टेबलावर ठेवली. इंजिन उसळला. "आणि तू मला जामीन राहणार होतास? आज? सही करणार होतास?"

"तुला नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं."

"म्हणून मला खड्ड्यात घालणार होतास! लहानपणापासून ऐकतोय, दादाकडे बघ, दादा कसा नाकासमोर चालतो! अरे, मी उधळ्या, मी गडबड्या, पण मी—" त्याची नजर शेजारच्या बायकोवर गेली आणि वाक्य तिथेच राहिलं. आपल्या बायकोच्या अकरा महिन्यांची आठवण त्याला झाली असावी.

"मला सांगायचं होतं रे," थोरला म्हणाला. "दर पहिल्या रविवारी ठरवून बसायचो. पण बाबांची ही खुर्ची शेजारी. वाटायचं, त्यांचं वर्कशॉप माझ्या हातात आलं आणि बुडालं, हे या टेबलावर कसं बोलू?"

आता सगळे आईकडे बघायला लागले. धाकटीही बघत होती. पंच्याहत्तरीची बाई, दोन्ही गुडघे गेलेले, कानात यंत्र. मोठ्या मुलानं चौदा महिने देवाचं नाव घेऊन खोटं सांगितलं, याचा धक्का तिला बसला नव्हता असं नाही. पण तिनं हातातली पेन्सिल खाली ठेवली नाही.

"डायरीत खरे आकडे आहेत?" तिनं विचारलं.

"आहेत. रोजचे."

"मग तू मला फसवलंस, पण स्वतःला नाही फसवलंस. तेवढं तुझ्या बाबांचं आलंय तुझ्यात." तिनं वही थोरल्यापुढे सरकवली. "घे. खोड."

थोरल्यानं चष्मा लावला आणि चौदा महिने खोडायला लागला. तो काट्यांचं नाजूक काम करणारा माणूस, पण आज जोर जास्त लागत होता आणि एका ठिकाणी कागद फाटला. वहिनी उठल्या, त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि डायरी हातात घेऊन एकेक आकडा वाचायला लागल्या, औषधांची मात्रा सांगावी तशा, न थबकता. "सोळा. चौदा. साडेबारा. पंधरा." त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आवाज मात्र एकदाही हलला नाही. धाकटीला वाटलं, लग्न म्हणतात ते हे असेल.

"नऊ. सात." वहिनी शेवटच्या पानावर आल्या आणि थांबल्या.

"हा महिना," थोरला म्हणाला. "भाडं आणि कामगाराचा पगार दिला, आणि हातात काही उरलं नाही."

"मग तेच लिही," आई म्हणाली.

"शून्य लिहू? या वहीत?"

आईनं वही आपल्याकडे घेतली आणि पानं मागे उलटत गेली, कागद पिवळा पडेपर्यंत. एका पानावर तिनं बोट ठेवलं. त्या महिन्याची ओळ काटेमास्तरांनी स्वतः लिहिली होती, किरट्या, सरळ अक्षरात. त्यांच्या नावापुढे एक शून्य होतं, ठळक, गोल.

"तू तेव्हा तीन वर्षांचा. वितळलेलं शिसं यांच्या डाव्या हातावर सांडलं, महिनाभर हात बांधलेला. पाकिटात घालायला काही नव्हतं. मी म्हटलं, शेजारणीकडून उसने आणते, चारचौघांत रिकाम्या हातानं कसं जायचं? तर हसले. म्हणाले, अगं, पारडी रिकामी असताना जो काटा शून्य दाखवत नाही, त्याचं भरल्यावर कोण ऐकेल? आणि रविवारी रिकामं पाकीट घेऊन गेले. वर नाव लिहिलेलं. सगळ्यांसमोर थाळीत ठेवलं."

"हे तू कधी सांगितलं नाहीस," थोरला पुटपुटला.

"नाही सांगितलं." आईचं बोट त्या शून्यावरच होतं. "मला लाज वाटली होती त्या दिवशी. मी त्यांच्याशेजारी उभीही राहिले नाही, मागच्या बाकावर जाऊन बसले. म्हणून नाही सांगितलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. हा माझा आकडा धर."

थोरल्यानं वही घेतली आणि वडिलांच्या शून्याकडे बराच वेळ बघितलं. मग आजच्या पानावर आला आणि अगदी तसंच गोल शून्य काढलं.

त्यानंतरचं काम भराभर झालं, कारण हे काम या घराला येत होतं. अक्कानं आडवेळेचा डबा आणला. त्यात ऐंशी हजार निघाले. चौदा महिने ते हातभर अंतरावर होते आणि थोरल्यानं तिथेच बसून दुसरीकडून कर्ज काढलं होतं. थकलेले हप्ते सोमवारी सकाळी आणि डब्यातलं उरलेलं मुद्दलात, असं ठरलं. दशमांशाचे जास्तीचे पैसे परत मागायचे का, असं इंजिननं चाचरत विचारलं, तर आई म्हणाली, "दिलं ते गेलं. देव काही पतपेढी नाही. पण यापुढे असेल त्यातला दहावा, नसेल त्यातला नाही." वहिनींनी जादा पाळ्या घेते म्हटलं, त्यावर अक्कानं त्यांच्याकडे असं काही बघितलं की त्यांनी दोनच म्हणून सांगितलं.

शेवटी राहिली ती प्लॅस्टिकची फाईल. इंजिननं ती उघडली, दुकानाचा नकाशा एकदा बघितला, फाईल मिटली आणि टेबलाखाली पायाशी ठेवली. ते दुकान त्याला दोन वर्षं झोपू देत नव्हतं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"कर्जावर कर्ज नको," तो म्हणाला. "दादा, वर्कशॉपचा पुढचा कोपरा मला दे. चार नवे काटे मांडतो. आणि विजेचे काटेसुद्धा बिघडतात बरं का. ते कसे उघडायचे ते मी तुला शिकवतो."

"तू मला शिकवणार?"

"हो. आणि मार खाणार तू, चुकलास तर."

थोरला हसला. हसता हसता त्यानं तोंडावर हात धरला आणि खांदे हलायला लागले, तेव्हा ते हसू नव्हतं. इंजिन उठून त्याच्याजवळ गेला. आईनं फळीवरचा खोडरबराचा चुरा तळहातानं गोळा केला आणि म्हणाली, "आता जेवायला वाढा. सूप गार झालं असेल."

जेवणानंतर धाकटी भांडी विसळत होती. थोरला पुसायला आला. असं तो कधी करत नसे. दोन ताटल्या पुसून झाल्यावर तो म्हणाला, "पुलापलीकडची शाखा बंद झाली म्हणे. फायली तुमच्याकडे आल्या असतील."

धाकटीनं नळ बारीक केला. "ऑफिसचं मी घरी बोलत नाही, दादा."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. तिनं मान वर केली नाही. पण आज सकाळी एकवीसचे साडेतेवीस का झाले, ते त्याला कळलं हे तिला कळलं.

"बाबा असते," तो म्हणाला, "तर तुला त्यांनी छाप मारणारा ठसा दिला असता. वजन खरं झाल्यावर तळाला मारतात तो. मला कधी हात लावू देत नसत." आणि तो पुढची ताटली पुसायला लागला.

पुढच्या रविवारी देऊळ भरलेलं होतं. गाणं सुरू झालं आणि अर्पणाची थाळी बाकाबाकावरून यायला लागली. बाहेरच्या टोकाला थोरला बसला होता, राखी कोटात. त्यानं खिशातून पाकीट काढलं. वर त्याच्या सरळ अक्षरात नाव होतं, तोंड चिकटवलेलं नव्हतं, आणि आत काही नाही हे दोन बाकांवरूनही दिसत होतं. थाळी धरून उभ्या असलेल्या खजिनदारांनी आधी पाकिटाकडे आणि मग त्याच्याकडे पाहिलं. थोरल्याचे कान लाल झाले. पण मान तशीच, सरळ.

त्यानं पाकीट थाळीत ठेवलं. वहिनींनी आपलं ठेवलं, अक्कानं, इंजिननं. धाकटीनं तेवीसशे पन्नास घातलेलं तिचं पाकीट ठेवलं तोवर रिकामं पाकीट सगळ्यांच्या तळाशी गेलं होतं. तिला वाटलं, बरं झालं, झाकलं गेलं. थाळी आईकडे आली.

आईनं गाणं थांबवलं नाही. एका हातानं थाळी मांडीवर धरली, दुसऱ्या हातानं वरची पाकिटं बाजूला केली आणि तळातलं ते हलकं पाकीट शोधून काढलं. ते तिनं सगळ्यांच्या वर ठेवलं, नाव दिसेल असं. मग दुखरे गुडघे सावरत उठली, बाकाच्या त्या टोकाला थोरल्याशेजारी जाऊन उभी राहिली, आणि थाळी तिनं स्वतःच्या हातानं पुढच्या बाकाकडे दिली.